कडीला टांगलेला आवाज

अच्युत पिंपळखुटेने घमापुरात शालिग्रामच्या दुकानापुढे सायकल टेकवली, तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरं-तिसरं काही नव्हतं. त्याला एक लाउडस्पीकर हवा होता. सभेत झाडाला बांधतात तसला कर्णा नव्हे. घरात छताला टांगता येईल आणि रेडिओपासून तार ओढून वाजवता येईल, असा डब्यातला.

एकाहत्तर सालचा डिसेंबर होता. लढाईला तोंड फुटलं होतं. जबलपूरच्या फॅक्टऱ्या दिवसरात्र चालत होत्या, आणि संध्याकाळ झाली की अख्खं शहर दिवे मालवून अंधारात दडून बसत होतं. अच्युत एका फॅक्टरीत विजेच्या कामावर चार्जमन होता. हाताखाली माणसं होती, हातात कसब होतं आणि तारेवर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा होता. तो नेहमी म्हणायचा, "तार खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

शालिग्राम फौजेच्या लिलावातला जुना माल विकायचा. जेरीकॅन, तंबूचे आकडे, पॅराशूटचं कापड, मोडके टेलिफोन. त्या ढिगातून त्याने एक हिरवट लाकडी डबा ओढून काढला. पुढे जाड कापड ताणलेलं, मागे दोन पितळी स्क्रू.

"ले जाइए बाबूजी, फौजी माल है. छत टूट जाएगी, ये नहीं टूटेगा."

"बजता है?"

"बजता है, साफ बजता है," शालिग्राम म्हणाला, आणि जरा थांबून हसला, "बस, थोड़ा मुँहज़ोर है."

तोंडाळ डबा, या थट्टेवर अच्युतही हसला. त्याने त्याच ढिगातला एक हातात धरायचा माइक उचलला, दोन्ही वस्तू कॅरिअरला बांधल्या आणि तो अधारतालला, घरी निघाला.

स्पीकर हवा होता त्याच्या वहिनीसाठी.

थोरला भाऊ श्रीरंग फौजेत सुभेदार होता, गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत. पलटण पूर्वेच्या आघाडीवर गेली होती आणि त्याची बायको शरयू दिराकडे राहायला आली होती. ती आली आणि तिच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन तर झालं, पण दवाखान्यातल्या खाटा जखमी जवानांसाठी मोकळ्या करायच्या होत्या, म्हणून तिला लवकर घरी धाडलं. धाडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "उताणं पडून राहायचं. मान इकडची तिकडे नको. उठायचं तर नावच नको. दोन्ही डोळ्यांवरची पट्टी मी सोडेन तेव्हाच सुटेल. एकदा झटका बसला की डोळा गेला म्हणून समजा."

आतल्या खोलीत खाट टाकली होती. शरयूवहिनीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या रचल्या होत्या. बाई मुळात तोंडाने फटकळ आणि पायाला भिंगरी लावलेली. तिला असं ओंडक्यासारखं पडणं म्हणजे शिक्षाच होती. पण डोळ्यांपेक्षा तिचा जीव अडकला होता बातम्यांत. रेडिओ बाहेरच्या खोलीत, जड, व्हॉल्व्हचा. तो हलवायची सोय नव्हती आणि आत तिला नीट ऐकू येत नव्हतं. दर बातमीपत्राला ती विचारायची, "पूर्वेचं काय म्हणाले हो? नाव घेतलं का कोण्या गावाचं?"

म्हणून हा उपद्व्याप.

खोलीचं छत फरशीचं होतं आणि खालून जुन्या सागवानी कड्या गेल्या होत्या. अच्युतने मधली कडी निवडली. गिरमिटाने भोक पाडलं, तंबूचा आकडा पिळून घट्ट बसवला, आणि डबा टांगायच्या आधी त्याला गव्हाचं पोतं लटकवून पाहिलं.

त्याची बायको विनता दारात उभी होती. ती दुपारच्या पाळीच्या शाळेत शिकवायची. "अहो, ताईंच्या डोक्यावर पडला म्हणजे?"

"डोक्यावर नाही, पायथ्याशी टांगून राहिलो. आणि पडायचा नाही. हे पोतं पाहा, हललं का?"

"काहून एवढा खटाटोप करता कोण जाणे."

पोतं हललं नाही. मग साखळी आली, डबा चढला, कडीच्या कडेने खिळे ठोकत तार भिंतीवरून बाहेर गेली. अच्युतने रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तापले आणि आतल्या खोलीत वरून, अगदी स्वच्छ, बातम्या देणाऱ्याचा आवाज उतरला.

वहिनीचे ओठ थरथरले. पट्टीखाली रडायचीही मनाई होती, म्हणून ती हसली. "भाऊजी, हे तर बाई आकाशवाणीच झाली की हो."

अच्युत खुशीने फुलून गेला. त्याने माइकही रेडिओच्या मागे जोडला आणि बाहेरून बोलला, "वहिनी, चहा घेणार का?" छतातून त्याचाच आवाज आला. वहिनीने बसल्या जागी, म्हणजे पडल्या जागीच, उत्तर दिलं, "घेईन. पण आकाशातल्या देवा, साखर जास्त टाक." त्या दिवशी घरात बऱ्याच दिवसांनी सगळे हसले.

तीन-चार दिवस असे बरे गेले. सकाळी विनता वहिनीचं सगळं करायची. दुपारी ती शाळेत गेली की शेजारच्या मीरादीदी मधून मधून डोकावून जायच्या. संध्याकाळी अच्युत यायचा.

एका संध्याकाळी तो चहाचा कप घेऊन वहिनीला चमच्याने पाजत होता, तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, दुपारी लवकर आले होते का तुम्ही?"

"नाही तर. आत्ताच येऊन राहिलो."

"मग बोलले कसे?"

"कोण बोललं?"

"तुम्ही. वरून. म्हणाले, वहिनी, पाठ अवघडली असेल, जरा कुशीवर व्हा..."

अच्युतने चमचा खाली ठेवला. "वहिनी, तुम्ही झाल्या का कुशीवर?"

"नाही. म्हटलं, डॉक्टरांनी मना केलं अन् भाऊजी असे कसे म्हणतात. जरा मान वळवली फक्त... मग थांबली."

अच्युतने तिला सांगितलं की डोळे बांधले की दिवस-रात्र कळत नाही, डुलकी लागते आणि स्वप्न खरं वाटतं. एखादं दुसरं स्टेशनही मध्येच घुसतं. त्याचं त्याला पटलं होतं. तरी त्याने माइक सोडवला आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं. सकाळी फॅक्टरीत जाताना त्याने रेडिओच्या मागची स्पीकरची तारही काढून ठेवली. तार तुटली की गोष्ट संपली. साधा हिशेब.

त्याच दिवशी मीरादीदींनी विनताला शाळेतून परतताना वाटेवर गाठलं. त्यांना वाटलं अच्युत सुट्टीवर आहे. "भैया घर पे हैं ना आज? अंदर भाभी से बात कर रहे थे. मैं लौट आई."

विनताने संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती हळू बोलत होती, वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून. "काढून टाका तो डबा. माझं ऐका."

"अगं, तार जोडलेलीच नव्हती. जे वाजलंच नाही, ते काढून काय होणार?"

"म्हणूनच म्हणते, काढा..."

पण आतून वहिनीने ऐकलं होतं. "नको, विनता," ती म्हणाली. "तेवढंच एक आहे मला. ते काढलं तर मी इथं पडल्या पडल्या मरून जाईन. पूर्वेला काय चाललंय ते तरी कळू दे. बोलतो तर बोलू दे मेला, मी नाही ऐकायची."

आणि अच्युतनेही ठरवलं, राहू दे; संध्याकाळी बातम्यांपुरती तार जोडायची आणि सकाळी निघताना काढायची. घाबरून डबाच उतरवणारा तो नव्हता.

दोन दिवसांनी, दिवस मावळायच्या सुमाराला, तो घरी परतत होता. पनागरहून मटाराची पोती घेऊन आलेल्या बैलगाड्या रिकाम्या परत चालल्या होत्या, दिवे नाहीत म्हणून गाडीवान बैलांना नुसत्या हाका घालत अंदाजाने हाकत होते. अधारतालला वळला आणि त्याच्या लक्षात आलं की आज नुसता ब्लॅकआउट नाही. लाइनच गेली आहे. कुणाच्या दाराच्या फटीतूनही उजेडाची रेघ नव्हती. पिठाची गिरणी बंद, नळावरचा पंप बंद. इतकी शांतता की सायकलच्या साखळीचा आवाज त्यालाच मोठा वाटला.

दाराला बाहेरून नुसती कडी होती. विनता अजून आली नव्हती. बाहेरच्या खोलीत गार झालेल्या शेगडीचा आणि खिडक्यांना चिकटवलेल्या काळ्या कागदाच्या खळीचा वास कोंदला होता. अच्युतने सवयीने रेडिओवर हात ठेवला. थंडगार. मागे हात घालून पाहिलं. तार सुटलेलीच होती, तिची दोन टोकं त्याच्या बोटांना टोचली.

आणि तेव्हा आतून तो बोलला.

"वहिनी... उठा."

अच्युतच्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज त्याचा होता. त्याचा म्हणजे त्याचाच. बोलताना शेवटचं अक्षर जरा गिळायची त्याची खोडसुद्धा त्यात होती.

"उठा, वहिनी. दादा आलाय... दारात उभा आहे. त्याला आत येता येत नाही. तुम्ही दार उघडा..."

"आले?" वहिनीचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला होता. "खरंच आले? मग बोलत का नाहीत?"

"थकलाय. पट्टी सोडा आधी. त्याला पाहायचं नाही का... किती बदललाय तो..."

खाट करकरली. वाळूची पिशवी फरशीवर पडल्याचा धप्प आवाज आला.

अच्युत दाराकडे धावला. "वहिनी! उठू नका! झोपून राहा, मी येऊन राहिलो!"

तो उंबऱ्यावर पोचला आणि त्याच क्षणी अंधारातून तोच आवाज, तितकाच घाबरा, तितकाच धापा टाकणारा, म्हणाला, "वहिनी, ऐकू नका त्याचं! तो डबा बोलतो आहे. मी इथं आहे, तुमच्याजवळ..."

"खोटं आहे!" अच्युत ओरडला.

"खोटं आहे!" तो ओरडला.

यानंतर जे झालं ते अच्युतने पुढे कधी कुणाला पूर्ण सांगितलं नाही. एक क्षण असा गेला की पहिला कोण बोलला आणि दुसरा कोण, हे त्याला स्वतःलाच कळेना. आपण बोललो की नुसतं ऐकलं? त्याने आपल्या गळ्याला हात लावून पाहिला.

डोळे अंधाराला सरावले तसा त्याला पट्टीचा पांढरा पट्टा दिसला. वहिनी एका कोपरावर अर्धवट उठली होती. तिचा दुसरा हात डोक्यामागे, गाठीवर होता.

दोघंही एकदम बोलू लागले. शरयू म्हणाली, "चूप! दोघंही चूप!"

खोली चूप झाली.

तिच्या आवाजात भीती होती, पण त्या भीतीवर ती पाय देऊन उभी होती, सुभेदाराच्या बायकोने राहावं तशी. "आता कोणी बोलायचं नाही," ती म्हणाली. "माझा दीर जो असेल, त्याने माझ्या पायाला हात लावावा. मुकाट्याने. जो बोलेल तो माझा कोणी नाही."

अच्युतने ओठ घट्ट मिटले. वर कडीपाशी काहीतरी हळूच खरखरलं, कापडावर नख ओढावं तसं, आणि थांबलं. तो चाचपडत खाटेच्या पायथ्याशी आला. दुलईबाहेर तिचं एक पाऊल होतं, बर्फासारखं गार. त्याने त्यावर आपला पंजा ठेवला. फॅक्टरीतलं तेल अजून हाताला होतं; घाईत तो धुऊन निघाला नव्हता.

मग गाठीवरचा हात तिने खाली घेतला आणि एका एका इंचाने, मान ताठ ठेवून, ती पुन्हा उशीवर टेकली.

"पिशवी पडली, भाऊजी," ती म्हणाली. "ती नीट लावून द्या."

त्याने पिशवी लावून दिली. मग तो स्टूल घेऊन आला, पकड घेऊन आला, आणि अंधारातच चढला. काम हाताला पाठ होतं. साखळी आकड्यातून काढली, तार तोडली आणि डबा छातीशी धरून तो खाली उतरला. पुढचं कापड ओलसर लागलं आणि कोमट, कुणी तोंड लावून खूप वेळ बोलत राहावं तसं. त्याने तो अंगणात नेऊन उलटा टाकला आणि वर पाण्याची घागर ठेवली.

सकाळी उजाडल्यावर त्याने कुऱ्हाडीने डब्याचे तुकडे केले. लाकूड बंबात घातलं. लोखंड सायकलवर बांधून पनागरच्या वाटेला गेला आणि परियट नदीच्या पुलावरून खाली सोडून दिलं. पाण्यात पडल्याचा आवाज आला तसा तो शीळ घालत परत फिरला. त्याला वाटलं, काय होतं नि काय नाही, ते जाणून करायचं काय? बिघडलेला पुर्जा होता. काढून फेकला.

आणि खरोखरच पुढे सगळं सुरळीत झालं. रेडिओ उंच आवाजात लावून मधलं दार उघडं ठेवायचं आणि ऐकू न आलेलं विनताने आत जाऊन सांगायचं, अशी सोय निघाली. पूर्वेची लढाई संपल्याची बातमी आली तेव्हा अधारतालच्या रस्त्यावर लोकांनी एकमेकांना पेढे भरवले. दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली. शरयूवहिनीने पहिल्यांदा डॉक्टरांकडे पाहिलं, मग अच्युतकडे, आणि म्हणाली, "भाऊजी, किती वाळले हो तुम्ही!" डोळा वाचला होता.

संक्रांत झाली आणि श्रीरंग आला. सुटीवर, धडधाकट, जरा काळवंडलेला. घर भरल्यासारखं झालं. तो आल्या दिवशी जेवला, दोन शब्द बोलला आणि आतल्या खोलीत त्याच खाटेवर जाऊन आडवा झाला. खूप दिवसांची झोप साठली होती.

दुपार टळत होती. बाहेरच्या खोलीत उन्हाची तिरीप आली होती. तिघं मटार सोलत बसली होती. शरयू एकेक दाणा उजेडाकडे धरून, किडका असेल तर मोठ्या ऐटीने बाजूला काढत होती. बोलता बोलता विषय त्या संध्याकाळवर गेला. विनता म्हणाली, "ताई, पायाला हात लावायचं तुम्हाला सुचलं तरी कसं? मी असते तर बोबडी वळली असती."

"सुचलं खरं," शरयू म्हणाली. "पण त्याने झालं असतं थोडंच. भाऊजींच्या हाताला तेल होतं म्हणून वाचली मी."

"म्हणजे?" अच्युतने विचारलं.

ती दाणे टाकायची थांबली. "सांगणार नव्हती मी. तुम्ही एवढं करून ते सगळं नदीत टाकून आले, म्हटलं काहून उगाच... भाऊजी, तुम्ही किती पायांना हात लावला होता?"

"एका. दुसरा दुलईत होता."

"हो ना," ती म्हणाली. "दुलईतल्या पायालाही हात लागला. त्याच वेळी. तो तेलकट नव्हता... कोरडा होता, कागदासारखा."

विनताच्या हातातली शेंग तशीच राहिली. अच्युत मात्र हसला. त्याने समजावून सांगितलं की दिवसचे दिवस पडून पाय बधिर होतात, मुंग्या येतात, कुणी धरल्यासारखं वाटतं. त्याच्या कारखान्यात एकाचा हात तुटला होता, त्याला तुटलेली बोटंसुद्धा दुखायची. माणसाचं अंगही तारांचंच असतं, त्यातही कधी कधी गळती होते. त्याने ते इतकं नीट सांगितलं की विनताने पुन्हा सोलायला घेतलं आणि शरयूनेही मान डोलावली. "असेल बाई. आता काय त्याचं."

अच्युतने दाण्यांची मूठ तोंडात टाकली.

आतलं दार उघडलं. श्रीरंग उभा होता. डोळे झोपेने लाल होते, पण फौजी कोटाची सगळी बटणं लावलेली होती आणि पायात बूट होते, नाड्या बांधलेले.

"किती हाका मारतोस रे, अच्युत," तो म्हणाला. "चल. कुठं जायचं म्हणालास?"